लष्करी जीप आणि तिचे सुटे भाग

रस्त्याने एखादी जुनी लष्करी जीप जाऊ लागली की माणसे थांबून पाहतात, आणि ती कोठे उभी राहिली की मालकाभोवती जमतात. त्यांचे प्रश्नही बहुधा ठरलेले असतात. पहिला, गाडी कितव्या सालची? दुसरा, पेट्रोल किती खाते? आणि तिसरा प्रश्न विचारताना विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडी कीव उमटते. तो म्हणजे, "पण हिचे पार्ट मिळतात तरी कुठे?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एकेका शब्दात देऊन मोकळे होता येते. तिसऱ्याला मात्र एक व्याख्यान लागते, आणि तेच आज आम्ही योजिले आहे.

आरंभीच एक खुलासा करावा लागेल. आपल्याकडे उघड्या, दणकट आणि चौकोनी गाडीला सरसकट जीप म्हणण्याची चाल आहे. मामलेदारांची जीप, जंगलखात्याची जीप, साखर कारखान्याची जीप, निवडणुकीची जीप, आणि पश्चिम महाराष्ट्रात माणसे कोंबून नेणारी वडापची जीप, या साऱ्या आपल्या डोळ्यांपुढे आहेत. आम्ही येथे बोलणार आहोत ते या सर्वांच्या पूर्वजाविषयी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बनलेली विलीज एम.बी., आणि त्याच आराखड्यावर फोर्ड कारखान्याने बनवलेली जी.पी.डब्ल्यू., ही ती जोडी. आज या गाड्यांना ऐंशी वर्षे होऊन गेली. असे असूनही तीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या परदेशी मोटारीचे भाग मिळवण्यापेक्षा या जीपचे भाग मिळवणे सोपे आहे, असे म्हटले तर ऐकणाऱ्याला अतिशयोक्ती वाटते. वस्तुतः त्यात अतिशयोक्ती नाही. त्याला कारणे आहेत, आणि ती गाडीच्या जन्मकथेतच सापडतात.

१९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकी सैन्याने १३५ कारखान्यांकडे एका हलक्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीची मागणी पाठवली. नमुना तयार करण्यास मुदत दिली फक्त ४९ दिवसांची. ती पाळली पेन्सिल्व्हेनियातील बटलर गावच्या बॅंटम या छोट्या कारखान्याने. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याने आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी बाल्टिमोरजवळच्या लष्करी तळावर हजर झाली. पुढे विलीज आणि फोर्ड यांनीही आपापले नमुने आणले. विलीजचे इंजिन सर्वांत जोरकस, साठ अश्वशक्तीचे, म्हणून १९४१ मध्ये तिची निवड झाली. परंतु लागणाऱ्या गाड्यांची संख्या एका कारखान्याला पेलणारी नव्हती. तेव्हा त्याच वर्षाच्या उत्तरार्धात फोर्डला सांगण्यात आले की तुम्ही तुमची गाडी सोडा आणि विलीजची बनवा. जी.पी.डब्ल्यू. यातील शेवटचे अक्षर विलीजचेच आहे. दोन्ही कारखान्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर काढल्या.

आता सैन्याची अट काय होती ती पाहा. फोर्डच्या गाडीचा कोणताही महत्त्वाचा भाग विलीजच्या गाडीला बसला पाहिजे, आणि विलीजचा फोर्डला. यामागचा हिशेब साधा होता. रणभूमीवर दोन गाड्या मोडून पडल्या, तर शिपायांनी त्यांतून रातोरात एक चालती गाडी उभी करावी. त्या वेळी ही गाडी कोणाची आणि ती गाडी कोणाची, हे पाहत बसण्यास सवड कोठली! ही अट एका गोष्टीवाचून पुरी होत नाही, आणि ती म्हणजे यादी. लष्कराने जीपच्या भागांची एक जाडजूड यादी छापली. तिचा क्रमांक जी-५०३. इंजिनाच्या ठोकळ्यापासून चावीच्या खिळ्यापर्यंत प्रत्येक वस्तूचे नाव, चित्र, विलीजचा क्रमांक आणि फोर्डचा क्रमांक तीत नोंदलेला आहे. शिवाय गाडी चालवणाऱ्यासाठी एक पुस्तिका, इंजिन उघडणाऱ्यासाठी दुसरी, गिअर आणि सांगाडा उघडणाऱ्यासाठी तिसरी. ज्याने कधी पाना हाती धरला नाही अशा वीस वर्षांच्या पोरालाही समजावे, अशा भाषेत ती लिहिली आहेत. ही सारी पुस्तके आजही नव्याने छापलेली मिळतात.

आमच्या मते जीप घेणाऱ्याने पहिला पैसा खर्च करावा तो या पुस्तकांवर. बहुतेक मंडळी उलट करतात. आधी गाडी घेतात, मग रंग लावतात, मग भोंगा शोधतात, आणि पुस्तक कोणी भेट दिले तर कपाटात ठेवतात. जुन्या बाजारात "ते पुढच्या चाकापाशी गोल असते ना, ते द्या" असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार जे हाती लागेल ते देतो, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही. भागाचा क्रमांक सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र तोच दुकानदार माळ्यावर चढून धुळीने भरलेली पेटी खाली काढून देतो.

गाडी लष्करी असूनही तिचे भाग टिकले, याचे दुसरे कारण असे की युद्धानंतर तिला मुलकी भावंडे झाली. १९४५ मध्ये विलीजने सी.जे. नावाची मालिका सुरू केली, आणि येथे मुंबईचा संबंध येतो. महिंद्रांच्या कंपनीने १९४७ पासून विलीजच्या जीपगाड्या या देशात आणल्या आणि मुंबईत त्या जोडण्याचे काम सुरू केले. पुढे उंच बॉनेटची सी.जे.-३ बी आली, आणि तिच्या घडणीच्या गाड्या येथे कित्येक दशके बनत राहिल्या. अमेरिकेत जी गाडी संग्रहालयात गेली तिची बहीण आपल्याकडे ग्रामसेवकाच्या आणि डॉक्टरांच्या दारात उभी होती. तेव्हा तिचे बेअरिंग, तिचे क्लच, तिची ब्रेकची रबरे बनवणारे छोटे कारखाने येथे चालत राहिले, आणि त्या कामात हात बसलेले मिस्त्रीही. यांखेरीज ईशान्येच्या आघाडीसाठी आसामात उतरलेले अमेरिकी सामान युद्धानंतर विकले गेले. जुनी माणसे ज्याला 'डिस्पोजलचा माल' म्हणत, त्यात पुष्कळशा अस्सल लष्करी जीपगाड्या होत्या. आज आपल्याकडे जी युद्धकालीन गाडी दिसते ती बहुधा त्या रस्त्याने आलेली असते.

येथवर सारे गोड आहे. खरी अडचण येथूनच सुरू होते, आणि तिचे नाव आहे "बसतंय की!"

मिस्त्री गाडीखाली झोपलेला असतो आणि खालून आवाज येतो, "बसतंय की, साहेब! काय काळजी करू नका." हे वाक्य ऐकून मालकाला समाधान वाटते. तथापि एखादा भाग बसणे ही एक गोष्ट, तो बसून नीट चालणे ही दुसरी, आणि तो मूळचाच असणे ही तिसरी. या तिन्ही वेगळ्या आहेत. ऐंशी वर्षांत ज्या गाडीला जे बसले ते बसवले गेले, म्हणून आज हाती येणारी जीप बहुधा तीन-चार गाड्यांची मिळून झालेली असते. युद्धकालीन चेसिस, महिंद्राचे बॉनेट, कोणते तरी डिझेल इंजिन, आणि आसने मात्र शेजारच्या गॅरेजवाल्याने शिवलेली.

उदाहरणादाखल आसांचा विचार करू. युद्धातील जीपच्या आसात मिस्त्री ज्याला क्राऊन-पिनियन म्हणतात त्या जोडीचे दाते ३९ आणि ८ असतात. म्हणजे प्रमाण ४.८८. मुलकी सी.जे.च्या आसात ते ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. आता समजा मागचा आस मोडला आणि मिस्त्रीने सी.जे.चा मागचा आस बसवला. बोल्ट जुळले, चाके फिरली, गाडी गावात सहा महिने सुखाने चालली, कारण गावात फक्त मागची चाकेच ओढत असतात. पावसाळ्यात चिखल लागला, मालकाने फोर-व्हीलचा दांडा ओढला, आणि तेथून पुढे मागची चाके एका वेगाने आणि पुढची दुसऱ्या वेगाने फिरू पाहू लागली. चिखल निसरडा असतो म्हणून तेवढ्यापुरते निभावते. तसेच डांबरी सडकेवर आले की दोन्ही आस एकमेकांशी झुंजू लागतात, दांडा निघता निघत नाही, आणि शेवटी जे सर्वांत दुबळे असेल ते मोडते. मग मालक म्हणतो, जुन्या गाड्या अशाच! गाडीचा यात काहीही अपराध नसतो. दाते मोजले असते तर दहा मिनिटांत हे कळले असते. आस न उघडताही कळते: चाक जॅकवर घेऊन फिरवावे आणि शाफ्टचे फेरे मोजावेत.

असे सापळे आणखीही आहेत. युद्धातील इंजिनात टायमिंगसाठी साखळी असे. युद्धानंतर लवकरच तिच्या जागी दातेरी चाके आली. फ्लायव्हीलवर मूळ ९७ दाते, पुढे १२४ झाले. म्हणून एकाचा सेल्फ दुसऱ्याला लावला की खडखडाट होऊन दाते झिजतात. ट्रान्स्फर केस बाहेरून पाहिली तर सारखीच. आतला मधला शाफ्ट पाऊण इंचाचा, तो पुढे सव्वा-एक इंचापर्यंत जाड होत गेला. हे सारे बदल विलीजने चांगल्यासाठीच केले. गाडी रोज वापरायची असेल तर नंतरचे जाड शाफ्ट बसवण्यात शहाणपण आहे असेही कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. मात्र जे केले ते जाणून केलेले असावे, आणि लिहून ठेवलेले असावे.

मूळ भाग ओळखण्यात एक मौजही आहे. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, आपले एफ हे वळणदार अक्षर उठवले. जी.पी.डब्ल्यू.चा मालक म्हणून भंगारवाल्याच्या बोल्टांच्या ढिगापुढे तास तास भिंग घेऊन बसतो, आणि घरची माणसे त्याला काय म्हणतात ते येथे सांगण्याचे कारण नाही. चेसिसचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर ती विलीज, चौकोनी घडणीचा असेल तर फोर्ड, ही खूण नवशिक्यालाही लक्षात ठेवता येते.

भाग शोधायचे कोठे? मुंबईत चोरबाजार आणि कुर्ल्याच्या भंगाराच्या गल्ल्या, पुण्यात जुना बाजार, दिल्लीत मायापुरी, आणि हरियाणा-पंजाबच्या सीमेवरील मंडी डबवाली, जेथे जुन्या जीपगाड्यांचाच बाजार भरलेला असतो. लष्कराचे निकामी सामान लिलावाने विकले जाते. मात्र ते लॉटने, म्हणजे ढिगाने, आणि एका डायनॅमोसाठी टनभर लोखंड घेण्याची कोणाची तयारी नसते. अशा वेळी चार-पाच मालकांनी एकत्र येऊन लॉट घेणे हाच मार्ग. परदेशांतही पुष्कळ सोय आहे. फिलिपीन्समध्ये युद्धानंतर उरलेल्या जीपगाड्यांची लांबवून प्रवासी वाहने झाली, त्यांना जीपनी म्हणतात. त्या कामातून पत्रा ठोकण्याची जी विद्या तयार झाली तिच्यामुळे आज तेथून युद्धकालीन जीपचे अख्खे नवे शरीर पेटीत बांधून जगभर जाते. फ्रान्समध्ये हॉचकिस कारखान्याने १९६६ पर्यंत परवान्याने हीच जीप बनवली, म्हणून युरोपातील विक्रेत्यांकडे तिचे भाग दीर्घकाळ मुबलक राहिले. तिची वीज मात्र चोवीस व्होल्टची, हे विसरता कामा नये. अमेरिकेत लष्करी वाहने जतन करणाऱ्यांची संस्था १९७६ पासून आहे; आपल्याकडे जुन्या मोटारींच्या मालकांच्या संस्था आहेत, त्यांत जीपवालेही असतात. अशा संस्थेची वर्गणी भरावी ती मिरवणुकीत भाग घेण्यासाठी नव्हे, तर कोणाच्या माळ्यावर काय पडले आहे हे कळावे म्हणून.

खरेदी करताना एक भेद मात्र ध्यानी धरावा. युद्धकाळात गुंडाळलेला, घट्ट ग्रीसमध्ये बुडवून कागदात बांधलेला लोखंडी भाग आजही उघडला तर काल बनल्यासारखा निघतो. असा गिअर, असे बेअरिंग, असा शाफ्ट मिळाला तर किंमत पाहू नये. तोच न्याय रबराला लावणे धोक्याचे आहे. ब्रेकच्या सिलिंडरातील वाटी, ऑइल सील, पेट्रोलपंपाचा पडदा, हे कितीही सुंदर डब्यात असले तरी रबर आतून मेलेले असते. जुना मूळ डबा शोकेसमध्ये ठेवावा, आणि गाडीत नवे रबर घालावे. मूळपणाचा अभिमान ब्रेकपाशी संपलाच पाहिजे. घाटात उतरताना इतिहास पाय धरीत नाही. टायरची तर गंमतच आहे. जीपचे सहा-सोळा हे माप आपल्याकडे ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे असल्याने तालुक्याच्या गावीही मिळते. पण ट्रॅक्टरचा टायर सडकेच्या वेगासाठी केलेला नसतो, म्हणून जीपसाठीचाच मागून घ्यावा.

विजेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण या कारणाने जितक्या चांगल्या जीपगाड्या 'सेल्फ घेत नाही' म्हणून बदनाम झाल्या, तितक्या दुसऱ्या कशाने झाल्या नसतील. युद्धकालीन जीपची वीज सहा व्होल्टची. तितकेच काम निम्म्या दाबावर करावयाचे तर प्रवाह दुप्पट लागतो, आणि दुप्पट प्रवाहाला जाड तार लागते. आपले इलेक्ट्रिशियन आजच्या गाडीची पातळ केबल लावतात. मग ती गरम होते, सेल्फ कुरकुरतो, आणि शेवटी सल्ला मिळतो की सारे बारा व्होल्टचे करून टाका. तसे करून गाडी चालते, नाही असे नाही. पण अंगठ्याएवढी जाड केबल, स्वच्छ घासलेले टोक आणि चेसिसशी घट्ट अर्थिंग, एवढ्यावर सहा व्होल्टची गाडी थंडीतही पहिल्या झटक्यात सुरू होते. १९४४ मध्ये ती बर्फात सुरू होत होती. आपल्याकडे बर्फ तरी नाही.

जे जीपला लाभले ते प्रत्येक लष्करी गाडीला लाभत नाही. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात १९६९ पासून निस्सानच्या परवान्याने जोंगा नावाची गाडी बनू लागली. सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, अंगाने जीपच्या दीडपट, चढावर हत्तीसारखी. १९९९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ती मुख्यतः सैन्यासाठीच बनल्याने बाजारात तिचे भाग बनवणारे फारसे कोणी उभे राहिले नाही. म्हणून जोंगाचे भाग म्हणजे दुसरी जोंगा, असे समीकरण होऊन बसले.

या समीकरणात आम्हांला सर्वांत मोठा धोका दिसतो, आणि जीपवालेही त्यापासून मुक्त नाहीत. एका गाडीसाठी दुसरी मोडावी काय? गंजून चाळण झालेली, कागदपत्रे हरवलेली, चेसिस तुटलेली गाडी मोडण्यास आमची हरकत नाही. लष्कराची मूळ कल्पनाही तीच होती. परंतु एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यात उभी असलेली, वीस वर्षे सुरू न झालेली पण अंगाने शाबूत गाडी केवळ तिचे बॉनेट आणि गिअरपेटी हवी म्हणून विकत घ्यायची आणि उरलेले किलोवर घालायचे, हा प्रकार सर्रास चालतो. त्या वेळी गाड्या लाखांनी होत्या, आज त्या मोजक्या आहेत, आणि दर मोडीबरोबर एक कमी होते. गिअर नवा कापता येतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्या-मुंबईच्या एखाद्या जुन्या कारखान्यात नमुना हाती दिला तर ओतकाम करून, लेथवर उतरवून भाग करून देणारे कारागीर अजून आहेत. तो भाग मोडीतल्या भागापेक्षा महाग पडतो. आमचे म्हणणे असे की ती किंमत द्यावी. हे कारागीर आता उतारवयाचे आहेत, आणि त्यांच्या मुलांनी हा धंदा धरलेला नाही. काम मिळत राहिले तर निदान एखादा पोऱ्या हाताखाली शिकेल. त्यांनी केलेल्या भागाचे माप, धातू आणि रेखाचित्र मालकाने स्वतःच्या वहीत उतरवून ठेवावे. पुढच्याला मग नमुन्याची गरज पडणार नाही.

मूळ आणि बदललेले हा भेद आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या, धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' असा वेगळा वर्ग केला. नव्या नोंदणीस २०,००० रुपये फी, मुदत दहा वर्षांची, नूतनीकरणास ५,००० रुपये, आणि नंबरात व्ही.ए. ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, शर्यतवजा मेळावे, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच आणता येते. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, तिच्या चेसिसमध्ये, शरीरात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. "बसतंय की" म्हणून एके काळी डिझेल इंजिन घातलेल्या जीपच्या मालकाला ही अट वाचताना घाम फुटतो. ज्याने मूळ इंजिन भंगारात न घालता पडवीत ठेवले होते, तो आज सुखी आहे.

आणि रंगाचे काय? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ वा नियम सांगतो की संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. म्हणजे जीपचा बोल्टनबोल्ट अस्सल मिळवला, तरी ज्या रंगात ती कारखान्याबाहेर पडली तो तिला देण्यास आपल्याकडे मनाई आहे. रंगाऱ्याकडे गाडी नेण्यापूर्वी डॅशबोर्डच्या मागची बाजू आणि हत्यारांच्या पेटीच्या झाकणाखालची जागा जरूर पाहावी. पुढच्या मालकांच्या रंगांच्या थरांखाली, तळहाताएवढ्या जागेत, तो पहिला हिरवा पुष्कळदा शिल्लक असतो. तेवढी जागा घासू नका, असे रंगाऱ्याला खडूने लिहून द्यावे.